पूर ओसरल्यावर घराचा पंचनामा होतो, माणसाचा कधी?

शिरोळची_लेक

बरेच दिवस लिहायचं होतं, जून लागला की परत सगळं आठवतं म्हणून आता लिहूनच टाकते. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगा कृष्णेला मिळते त्याच्या जवळ. २००५ च्या वेळी मी लहान होते, पण २०१९ आणि २०२१ चे दोन्ही पूर चांगले कळत्या वयात बघितले. २०१९ ला कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तिथली धोक्याची पातळीच ४३ फूट आहे, म्हणजे विचार करा. आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी, आणि ते आठवडाभर हललंच नाही.

आमच्या आप्पांचं सांगते. चार म्हशी होत्या. पाणी गोठ्यात शिरलं त्या रात्री होडीत माणसंच कशीबशी मावत होती, मग आप्पांनी विळ्यानं दावी कापली, जगल्या तर जगतील म्हणून. दोन नंतर सापडल्या, दोन नाही. आता याला इतकी वर्षं झाली, घर परत उभं राहिलं, नवीन म्हशी आल्या, सकाळ संध्याकाळ डेअरीला दूध जातंय, बघणाऱ्याला वाटेल सगळं जाग्यावर आहे. पण पाऊस लागला की आप्पा अंथरुणावर झोपत नाहीत. सोप्यात खुर्ची टाकून बसतात, हातात बॅटरी. रात्रीतनं तीन तीनदा उठून पायरीपर्यंत जातात आणि विटेच्या तुकड्यानं पायरीवर रेघ मारतात, पाणी कुठवर आलं ते कळावं म्हणून. पाणी तेव्हा नदीतच असतं, दीड दोन किलोमीटर लांब, तरी रेघ मारतात. आणि म्हशीला बांधताना सुरगाठच मारतात, एका हिसक्यात सुटेल अशी, भर उन्हाळ्यात सुद्धा. त्या गाठीमुळं म्हस दोनदा सुटून दुसऱ्याच्या उसात गेली, भांडणं झाली, पण गाठ बदलत नाहीत. डॉक्टरकडं नेलं तर बीपीची गोळी वाढवून दिली.

आईचं वेगळंच. ती शाळेतल्या निवारा केंद्रात नऊ दिवस होती, दीडशे माणसांत बायकांना दोन संडास, म्हणून ती पाणीच पीत नव्हती. परत आल्यावर पंधरा दिवस गाळ काढला. तिला कुणी काहीच विचारलं नाही, खरं सांगायचं तर मी पण नाही विचारलं, कारण ती काम करत होती आणि काम करणारं माणूस बरं आहे असंच आपण धरून चालतो.

माझं म्हणणं एवढंच. पूर ओसरला की तलाठी पंचनाम्याला येतात, भिंत किती पडली, जनावर किती गेलं, पीक किती गुंठे गेलं, सगळं कागदावर येतं. मग महिन्यानं, सहा महिन्यांनी आणि पुढच्या जूनमध्ये कुणीतरी दारात येऊन झोप लागते का, जेवण जातं का, एवढं विचारायला नको का? तालुक्याच्या पूर आराखड्यात होड्या, लाइफ जॅकेट, वैरण यांची यादी असते, त्यात ही माणसं पण पाहिजेत. तुम्हाला काय वाटतं सांगा.

रोखठोक_मिरजकर

ताई, आप्पांचं वाचून पोटात कालवलं. पण मागणी पटली नाही, स्पष्ट सांगतो.

२०१९ ला सरकारनं जाहीर केलं होतं, ग्रामीणला १० हजार आणि शहरात १५ हजार सानुग्रह. १० हजारात गाळ काढायच्या ट्रॉलीचं भाडं पण भागत नव्हतं. माझ्या चुलत्यांचा पावणेदोन एकर ऊस शेंड्यापर्यंत पाण्यात कुजला, वर सोसायटीचं कर्ज. त्यांना झोप येत नव्हती ती नोटिशीमुळं, आणि ज्या दिवशी कर्जाचं पुनर्गठन झालं त्या रात्री ते घोरत झोपले, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आता तुम्ही म्हणताय तशी माणसं दारात आली असती तर त्यांनी काय दिलं असतं?

आमच्या गावात एक टीम आली होती. सगळे एकसारखे टीशर्ट घातलेले. देवळात गोल करून बसवलं आणि एकेकाला म्हणे त्या रात्री काय झालं ते सगळं सांगा, मन मोकळं करा. एक म्हातारी सांगता सांगता कोसळली, तिची नात गेली होती हो. टीम संध्याकाळी फोटो काढून निघून गेली. त्या म्हातारीला रात्रभर आमच्या आईनं धरून बसवलं. नको असलं समुपदेशन. जो काही पैसा आहे तो थेट खात्यात टाका, वेळेत टाका.

आकडे_बघून_बोला

मिरजकरांच्या बाजूनं एक गोष्ट. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट पैसे देणारी सरकारी योजना टप्प्याटप्प्यानं लागू झाली, त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये अभ्यास छापला, जिथं पैसे पोचले तिथं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटलं. कुठलंही समुपदेशन नाही, फक्त पैसे. तेव्हा पैसा हा मनावरचा उपचार नाही असं कुणी म्हणू नये.

सातबारा_नसलेला

दोघं पण पैशाचं बोलताय, पण पैसे कुणाला मिळाले ते बोला की. मी शेतमजूर, भाड्याच्या खोलीत राहतो. पंचनामा झाला तवा घरमालकाचं नाव लागलं. पिकाची भरपाई सातबाऱ्यावर. माझं काय गेलं म्हणून लिहिणार? मला दीड महिना काम न्हवतं, शेतात गाळ, गुऱ्हाळ बंद, वीटभट्ट्या बंद, सगळ्या पेठेला कुलूप. ह्यो दीड महिना कुठल्या रकान्यात बसतोय सांगा.

शेतकरी आत्महत्या म्हटलं की पेपरात पहिल्या पानावर येतं, यावंच. पण एनसीआरबीचा, म्हंजे सरकारच्या गुन्हे नोंद विभागाचा, २०२२ चा आकडा काढून बघा, देशात आत्महत्या केलेल्यांत सगळ्यात मोठा गट रोजंदारीवाल्यांचा हाय, २६ टक्क्यांच्या वर. शेतीतले, म्हंजे शेतकरी आणि शेतमजूर धरून, ६.६ टक्के. आणि सवताचं घर सांभाळणाऱ्या बायका, गृहिणी, १५ टक्क्यांच्या जवळ. मजुराचं मन कुणी मोजत न्हाई कारण मजुराचं नुकसानच कागदावर येत न्हाई. म्हणून मी लेकीच्या बाजूनं. निदान दारात येणारं माणूस सातबारा न मागता विचारंल.

निवृत्त_मास्तर

मी ७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे. तेव्हा कोणी कोणाला मन मोकळं करा म्हणाले नाही आणि माणसं उभी राहिली. गावात भजन होते, पारावर बसणे होते, कोणाच्या घरी चूल पेटली नाही तर शेजारीण भाकरी टाकायची. आता प्रत्येक दुःखाला आजाराचे नाव देण्याची घाई झाली आहे. याने माणूस दुबळा होतो असे माझे प्रामाणिक मत आहे. शिरोळच्या लेकीच्या वडिलांना मी आजारी म्हणणार नाही, ते सावध आहेत, आणि पूरपट्ट्यातल्या माणसाने सावधच असावे.

माणदेशी_पोरगा

मास्तर, आदर ठेवून सांगतो. आमची आजी ७२ च्या दुष्काळातली. ती गेली तेव्हा घरात धान्याची कणगी भरलेली होती, आणि तिच्या उशाखाली फडक्यात बांधलेली भाकरी निघाली. रोज रात्री ठेवायची, सकाळी गाईला घालायची, परत रात्री नवीन ठेवायची. उभी राहिली ती, पाच पोरं वाढवली. पण ४० वर्षं ती भाकरी उशाखाली घेऊनच झोपली आणि आम्ही पोरं त्याच्यावर हसायचो. तुम्ही म्हणता माणसं उभी राहिली, मी म्हणतो कुणी वाकून बघितलंच नाही.

साधी_सिस्टर

मी सरकारी दवाखान्यात काम करते, मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग झालंय, थोडं सविस्तर लिहिते कारण इथं तीन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्यात.

पहिलं म्हणजे मास्तरांचं अर्धं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना पण हेच सांगते की आपत्तीत जवळजवळ सगळ्यांनाच मानसिक त्रास होतो आणि बहुतेकांचा तो हळूहळू आपोआप कमी होतो. पहिल्या महिन्यात झोप न लागणं, दचकून उठणं, एकदम रडू येणं याला आजार म्हणत नाहीत. तिथं लागतं ते सुरक्षित ठिकाण, आपली माणसं एकत्र, खरी माहिती, आणि कुठली मदत कुठं मिळते ते सांगणारं कुणीतरी. त्याला मानसिक प्रथमोपचार म्हणतात, त्यात बघायचं, ऐकायचं आणि योग्य ठिकाणी जोडून द्यायचं. औषध नाही, प्रश्नांची सरबत्ती नाही.

मिरजकर दादांनी सांगितलेला प्रकार मात्र चुकीचाच. धक्का बसलेल्या माणसाला लगेच एका बैठकीत सगळं सांगायला लावण्यावर पूर्वी खूप भर होता, पण पुढं जे अभ्यास झाले त्यात दिसलं की त्यानं फायदा होत नाही आणि काही लोकांचा त्रास उलट वाढू शकतो. त्यामुळं आता तसं करू नका असंच शिकवतात. ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्यायचं, ज्याला गप्प बसायचंय त्याच्या शेजारी गप्प बसायचं.

पण मास्तर, बहुतेकांचा म्हणजे सगळ्यांचा नाही. काही जणांचं सहा महिने, वर्ष झालं तरी थांबत नाही, आणि आप्पांसारखं पाऊस आला की शरीर परत त्याच रात्रीत जातं. सावध माणूस पाण्याची पातळी बघतो आणि झोपतो. आप्पांना पातळी कळूनही झोपता येत नाही, हा फरक आहे. झोप, जेवण, कामात लक्ष, दारू वाढली का, आणि जगून काय उपयोग असलं काही बोलतात का, या पाच गोष्टी घरच्यांनी बघाव्यात. शेवटची दिसली तर थांबायचंच नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं. फोन केला तर पोलीस येतील ही भीती गावात अजून आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम आहे.

यवतमाळची_आशा

मी आशा आहे. सगळं वाचलं. मले एकच विचारायचं आहे, हे दारोदार जाणार कोण? बोलणारे सगळे बोलतात आन् शेवटी काम आमच्याच गळ्यात येते.

आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला होता २०१५ नंतर. आम्ही प्रश्नांचे कागद घेऊन घरोघरी गेलो, झोप लागते का, उदास वाटते का. एका घरी मी विचारलं तर त्या भाऊनं माझ्याकडे पाहून म्हटलं, ताई तुम्ही विचारून राहिल्या, आता मी सांगितलं तर तुम्ही काय करसाल? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. चिठ्ठी दिली, जिल्ह्याच्या दवाखान्यात जा म्हटलं. ७० किलोमीटर, एक रोजी बुडते, गाडीभाडं वेगळं. तो गेला नाही. पुढच्या महिन्यात मी त्याच्या घरापुढून जाताना मान खाली घालून गेली, खरं सांगते.

तर विचारायला लावू नका जर पुढं काही देता येत नसेल. आन् आमच्या मनाचं कोण विचारते? कोरोनात आम्ही फिरलो, घरी आलो तर सासू अंगणातच उभं करायची. आम्ही पण माणसंच आहो.

अमरावतीवाला

आशाताई, तुमचं शंभर टक्के खरं आहे, आणि म्हणूनच एक उदाहरण सांगतो, आमच्याच जिल्ह्यातलं. ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला होता, त्याचा निकाल २०१७ ला लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात आधीच असलेल्या कामगारावर बोजा टाकला नाही, त्याच भागातली माणसं यासाठीच घेतली, शिकवली, त्यांना पगार दिला, त्यांच्या वर समुपदेशक आणि त्याच्या वर डॉक्टर. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कुठंतरी मदत घेत होते, १८ महिन्यांनी ते २७.२ टक्के झाले. म्हणजे विचारलं, आणि पुढं द्यायला पण काहीतरी होतं. गोव्यात संगत संस्थेनं हे त्याच्या आधीच करून दाखवलं होतं, सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर नसलेली पण शिकवलेली माणसं बसवून. हे अशक्य काम नाही, फक्त फुकटात होत नाही.

रोखठोक_मिरजकर

२७ टक्के म्हणजे ७३ टक्के अजून बाहेरच की. पण ठीक, ४ वरून २७ ला काहीच नाही असं मी म्हणणार नाही. आशाताईंचं वाचून मात्र माझं मत अजून पक्कं झालं, द्यायला काही नसेल तर विचारू नका. आणि सातबारा_नसलेला भाऊ, तुमचं मला सुचलंच नव्हतं. वेळेत पैसे म्हणताना माझ्या डोळ्यासमोर फक्त चुलतेच होते.

उमरग्याचे_काका

मी किल्लारीच्या भूकंपातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. रात्री गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. सुमारे आठ हजार माणूस गेलं. माझ्या घरातलं मी सांगत नाही.

तुम्ही पैसा का समुपदेशन यावर भांडताय. आम्हाला दोन्ही मिळालं म्हणा. जगभरातून मदत आली, ५२ गावं नव्या जागी पक्की बांधून दिली, डॉक्टर लोक पण आले, महिनोन् महिने राहिले, चांगली माणसं होती ती. पण नवीन गाव कसं, तर कॉलनीसारखं. सरळ रस्ते, सुटी सुटी घरं, मधी मोकळी जागा. जमीन किती आहे त्यावर घर लहान मोठं मिळालं. त्यात आमची गल्ली फुटली. जुन्या गावात वाड्याला वाडा लागून, माझी आई उंबऱ्यात बसली की चार घरच्या बायका बसल्या जागी बोलायच्या. नव्या गावात तिला जुनी शेजारीण भेटायला पंधरा मिनिटं चालावं लागे, गुडघे चालू देईनात. आई दारात बसायची आणि समोर डांबरी सडक. दोन वर्षं ती म्हणायची मला गावात घेऊन चला. अरे हेच गाव आहे म्हणलं तर ऐकायची नाही.

घर दगडाचं नको, हलकं पाहिजे, हे इंजिनिअरनं बरोबर सांगितलं. पण कोण कुणाच्या शेजारी राहणार हे बायकांना विचारून ठरवलं असतं तर त्याला एक रुपया जास्त लागला नसता. मास्तर पारावरच्या बसण्याचं म्हणतात ते खरं आहे, पण पार राखावा लागतो, तो आपोआप राहत नाही. तुमच्या पूरपट्ट्यात आता पुनर्वसनाच्या गोष्टी चालल्यात असं ऐकतो. तेवढं एक आधी बघा.

निवृत्त_मास्तर

उमरग्याच्या काकांना नमस्कार. माणदेशी मुलाच्या आजीच्या भाकरीने मला रात्री झोप लागली नाही. माझे वडील बंधू दुष्काळानंतर बोलायचे कमी झाले होते. आम्ही ते गंभीर झाले असे समजत होतो. आजाराचे नाव देण्याची घाई नको, हे माझे मत कायम आहे. पण विचारायला हवे, हे मान्य करतो.

शिरोळची_लेक

सगळ्यांचे आभार, मनापासून. दोन दिवस फक्त वाचत होते, शाळा पण चालू होती.

माझी मागणी बदलते. नुसतं दारात येऊन विचारणं नको, आशाताईंनी सांगितलेल्या त्या भाऊंचा प्रश्न डोक्यातून जात नाही. विचारणाऱ्या माणसाला पगार पाहिजे, आणि महिन्यातून ठरलेल्या वारी तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर पाहिजे, जिथं रोजी न बुडवता जाता येईल. पंचनाम्यात भाडेकरू आणि मजुरांचा बुडालेला रोज यायला पाहिजे, हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायलाच हवं होतं, आमच्या उसात कामाला येणाऱ्या बायका मजुरांच्याच वस्तीतल्या आहेत. निवारा केंद्रात बायकांचे संडास वेगळे आणि पुरेसे, हे सुद्धा मनाच्याच यादीत धरा. आणि मिरजकर दादा, पैसे वेळेत यावेत यासाठी मी तुमच्यासोबत तहसीलला येईन, पण कर्जाचं पुनर्गठन झाल्यावर चुलते झोपले तसे आप्पा नाही झोपले, आमचं कर्ज फिटून तीन वर्षं झालीत. तेवढं तुम्ही पण मान्य करा.

काल रात्री जोराचा पाऊस झाला. आप्पा खुर्ची घेऊन बसले. एरवी मी झोपा आता म्हणून ओरडते, काल सिस्टरांनी लिहिलेलं आठवलं म्हणून चहा करून शेजारी बसले आणि गप्प राहिले. बराच वेळ काही नाही. मग स्वतःहून म्हणाले, चंद्रीच्या गळ्यात घुंगरू होतं, दावं कापल्यावर लांबवर वाजत गेलेलं ऐकू येत होतं, मग बंद झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. मग ती कशी पान्हवायची, आईशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही, दीड वाजेपर्यंत बोलत होते. आई आतनं उठून येऊन उंबऱ्यात बसली, ती पण बोलली, संडासाचं वगैरे नाही, त्या शाळेत रात्री तिला पण घुंगराचा आवाज यायचा म्हणाली. दोघांनी एकमेकांना हे कधी सांगितलंच नव्हतं.

टेली मानसला आज फोन केला, त्यांनी जवळचं ठिकाण आणि वार सांगितलाय. आप्पा आधी नको म्हणाले, मग म्हणाले येतो, पण सकाळचं दूध घालून झाल्यावर.